केरबाचा कान आणि मंगळाचा वारा

कुसगावातली कोंबड्यांची शेड बंद पडली तेव्हा मालकाने पिंजरे भंगारात घातले, भिंतींना आतून काळा रंग फासला, छताला लुकलुकणारे दिवे टांगले आणि दारावर पाटी ठोकली : ‘ब्रह्मांड दर्शन’. चांद्रयान चंद्रावर उतरलं त्याच्या दुसऱ्या महिन्यातली ही गोष्ट. देशभर माणसं माना वर करून आभाळाकडे बघत होती, आणि लोणावळ्याला चिक्की घ्यायला येणाऱ्याला आभाळही खोक्यात बांधून देता येईल, हे या मालकाला, वरदशेठला, सगळ्यांच्या आधी सुचलं. वरदशेठ तळेगावचा. शिकलेला, गोड बोलणारा, हातात कायम दोन फोन. त्याच्याविषयी केरबाचं मत एवढंच होतं, “ह्या माणसाला देवानं कान दिल्यात ते चष्मा अडकवायला.”

केरबा कुरवंड्याच्या वरच्या ठाकरवाडीतला. वय साठीच्या आसपास, अंग वाळल्या कारवीसारखं सरळ आणि हलकं. शाळा चौथीपर्यंत. पण वाडीत त्याचा एक मान होता, आणि तो त्याच्या कानांचा होता.

नागफणीच्या पठारावर वर्षातले चार महिने धुकं असं दाटून बसतं की माणसाला स्वतःचा हात दिसू नये. तिथे गुरं डोळ्यांनी राखता येत नाहीत. म्हणून वाडीत प्रत्येक जनावराच्या गळ्यात लाकडी घंटा. शिवणीच्या लाकडाचा ठोकळा पोकळ करायचा, पोटात दोन खुंट लोंबते सोडायचे. कुणाची घंटा जाड पोटाची, ती ठाय लयीत बोलते. कुणाची पातळ, ती बडबडते. या घंटा कोरायच्या केरबाने. एकीसारखी दुसरी त्याने जन्मात केली नाही. वाडीतलं पोर आधी घंटा ओळखतं, अक्षरं त्याच्यानंतर. आणि जनावर कुणाचं यावरून भांडण लागलंच, तर केरबाला पाठमोरा बसवत, जनावर मागून चालवत नेत. तो मान न वळवता मालकाचं नाव सांगे. तिथे विषय संपे.

दोन वर्षांपूर्वी एका कालवडीवरून असंच झालं होतं. कैलास म्हणत होता माझी, केरबाचा कान म्हणाला तुझी न्हाई. कैलासने कालवड सोडली, पण मनातली अढी सोडली नाही. त्याची कपिली नावाची गाय पुढे कड्याजवळ घसरून खडकावर आदळली, घंटेचा एक खुंट अर्धा तुटला. ती घंटा केरबाकडे नीट करायला नेणं कैलासला कमीपणाचं वाटलं. तेव्हापासून कपिलीची घंटा लंगडत होती. टक्... मग बराच वेळ काही नाही... मग चुकल्यासारखं एक टुक. सगळी वाडी तिला हसे, आणि कैलास हसणाऱ्यांकडे डोळे वटारून बघे.

तर असा हा केरबा कोंबड्यांच्या शेडीत झाडू मारायला लागला. दमट हवेच्या दिवशी तिथे शनीच्या कड्यांना अजून खुराड्याचा वास येई. केरबा तिथे उदबत्ती लावी आणि भिंतीला टेकून उभा राही. पडद्यावर चित्रं सरकत आणि एक टेप वाजे. टेपमधला माणूस पौराणिक नाटकातल्या इंद्रासारखा घुमत होता आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. हे खोटं आहे ते केरबाला शुभदाबाईंमुळे कळलं. शुभदाबाई वाडीच्या शाळेच्या बाई. रोज संध्याकाळी केरबा त्यांच्या वाटेत उभा राही आणि एकच प्रश्न विचारी. चंद्रावर वारा हाय का बाई? मंगळावर सांज कशी पडती? बाई फोन काढून दाखवत, वाचत, समजावत. जे त्यांना माहीत नसे ते “माहीत नाही” म्हणत. केरबाला त्यांचं हे फार आवडे. शेडीत येणाऱ्या कुणालाही त्याने हे दोन शब्द बोलताना ऐकलं नव्हतं.

एका रविवारी टेप अडकली. पन्नास माणसं अंधारात चुळबुळत होती. केरबा झाडू बाजूला ठेवून पडद्यापुढे गेला आणि बोलायला लागला. त्या दिवसापासून टेप गेली आणि केरबा आला. वरदशेठने त्याला चंदेरी कापडाचा अंतराळवीराचा पोशाख शिवून दिला. केरबाने तो घालायच्या आधी एकच अट घातली.

“शेठ, खरं असंल तेवढंच दाखवायचं. मी खोटं बोलणार न्हाई.”

“अहो केरबा, विज्ञानात खोटं असतं का कुठे?” वरदशेठ हसला.

पुढचं सव्वा वर्ष केरबाने खरं दाखवलं आणि येणाऱ्यांचा तिरस्कार करायला शिकला.

दोष त्याचा नव्हता. विक्रम यानाच्या पोटातून ती चिमुकली गाडी चंद्राच्या धुळीवर उतरते, तिच्या चाकांमागे दोन रेघा उमटत जातात. केरबाला हे हजारदा बघूनही अंगावर काटा येई. लोक म्हणत, “ब्लॅक अँड व्हाइट का आहे?” मंगळावर सूर्य मावळतो तेव्हा त्याच्याभोवतीचं आभाळ निळं होतं. आपल्याकडे दिवसा जे निळं, ते तिकडे सांजेला. केरबा हे असं सांगे की जणू शेजारच्या डोंगरावरची गोष्ट. लोक म्हणत, “फिल्टर लावलाय.” शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर एक यान हवाईछत्रीने उतरलं आणि त्याने गोल झालेल्या गोट्यांचा फोटो पाठवला. तो बघितला की केरबाला वाडीखालून निघणाऱ्या इंद्रायणीचं उन्हाळी पात्र दिसे. तो सांगे, “ह्या गोट्या बर्फाच्या हायत, पण त्यास्नी गोल केलं ते वाहत्या धारेनंच.” एवढ्यात मागून कुणीतरी हमखास विचारी, “काका, एसी वाढवता का जरा?”

आणि चित्रकाराने संगणकावर रंगवलेला जांभळा-सोनेरी खोटा ग्रह आला की सगळी शेड “वॉव” म्हणून उठे आणि त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढी. केरबाच्या बोलण्याला ते हसत, त्याचे व्हिडिओ काढत. ‘अंतराळवीर आजोबा’ म्हणत. केरबा काचेच्या टोपातून त्यांच्याकडे बघे. डोंगर चढून आलेले, पण डोंगराला पाठ करून स्वतःचाच चेहरा बघत उभे राहणारे हे लोक. त्यांना विश्व दाखवणं म्हणजे म्हशीपुढे अत्तराचा फाया धरणं, असं तो बायाला म्हणे. बाया म्हणजे त्याची बायको. ती म्हणे, “म्हशीला तरी वास येतो.”

पण खेळाच्या शेवटी एक गोष्ट होती, जिच्यासाठी केरबा हे सगळं सोसत होता. मंगळाचा वारा. दोन हजार एकवीस साली सहा चाकांची एक गाडी मंगळावर उतरली आणि तिच्या अंगावर आवाज टिपायचं यंत्र होतं. तिने तिथली झुळूक पकडून पाठवली. काही क्षणांचीच. शुभदाबाईंनी ती पहिल्यांदा ऐकवली तेव्हा केरबा फोनला कान लावून इतका वेळ बसला की बाईंना वाटलं म्हातारा झोपला. मग तो वाडीत गेला आणि चावडीपुढे म्हणाला, “मंगळाचा वारा ऐकलाय मी. आपला वारा मस्तवाल. कोकणातनं चढतो, कड्याला थडकतो, शिव्या घालतो. त्यो वारा आजाऱ्याच्या श्वासागत हाय. घोंगडीखालनं यावा तसा. पण हाय. माझ्या कानावर इस्वास ठेवा.” वाडीने ठेवला. एकटा कैलास म्हणाला, “बघू.”

शेडीत ही झुळूक लावायच्या आधी केरबा पंखे बंद करायला लावी. लोक ऐकत. म्हणजे गप्प बसत. मग म्हणत, “काहीच नाही आलं.” काहींनी फोनवर वाईट शेरे लिहिले. मंगळाचा आवाज फसवणूक आहे म्हणे. वरदशेठने ते वाचले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार. सकाळच्या खेळात केरबाने नेहमीसारखं सांगितलं, बटण दाबलं आणि कर्ण्यांतून असा वारा सुटला की पुढच्या रांगेतल्या बाईने पदर धरला. घोंघावणारा, फुत्कारणारा, वर चढणारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केरबा पडद्यापुढे उभा होता. त्या वाऱ्याला तो ओळखत होता. वारा कड्यापाशी येतो, नागफणीच्या सुळक्याला डावीकडून वळसा घालतो, कारवीतून शीळ घालत सुटतो. आणि त्या वाऱ्याच्या मागे, खूप लांब, अगदी बारीक :

टक्... ... ... टुक.

केरबाला टोपाच्या आत घाम फुटला.

खेळ संपल्यावर तो वरदशेठच्या खोलीत गेला. “शेठ, ह्यो वारा कुटला?”

“कसा वाटला? एक नंबर ना?” वरदशेठ खूश होता. “पुण्याहून साउंडवाला आणला होता. गेल्या आठवड्यात नागफणीवर दिवसभर बसवला. काय क्लीन रेकॉर्डिंग केलंय!”

“आन् पाटीवर मंगळ लिवलंय.”

“अहो, खऱ्या आवाजाला दम नाही. लोकांना मंगळावर गेल्यासारखं वाटायला पाहिजे. वारा तो वारा. इथला काय, तिथला काय?”

“त्यात गाय हाय.”

“काय आहे?”

“गाय. कपिली. आमच्या कैलासची. घंटा वाजती तिची.”

वरदशेठने पुन्हा लावून ऐकलं. दोनदा ऐकलं. मग म्हणाला, “कुठे? मला तर नाही येत. केरबा, तुमचं वय झालंय.”

“परवा आमची शाळा येणार हाय,” केरबा म्हणाला. “अठ्ठावीस तारखंला, विज्ञान दिनाला. तुमीच बोलावलीय फुकट. आमची पोरं हायत ती, शेठ. त्यास्नी ऐकू येणार. जुनं लावा.”

“जुनं लावू? पेपरवाला फोटोग्राफर येतोय त्या दिवशी. मुलांना काय कळतंय हो! टाळ्या वाजवतील, केळं खातील, जातील.”

केरबा खोलीबाहेर पडला. ज्या माणसाला गाय ऐकू येत नाही त्याच्याशी मंगळाबद्दल काय बोलायचं!

घरी येऊन त्याने बायाला सांगितलं. बाया भाकरी थापता थापता थांबली, मग इतकी हसली की परातीला धरावं लागलं.

“कपिली! आन् कैलास येणार हाय का?”

“पोराला घिऊन येतोय.”

बायाचं हसू ओसरलं. तिला पुढचं सगळं दिसलं. ज्याचा शब्द गुरांच्या भांडणात शेवटचा, तो केरबा वाडीच्या डोळ्यांदेखत वाडीचीच गाय मंगळावर चरवणार. उद्यापासून त्याला पाठमोरा कोण बसवील?

“जाऊ नगा,” ती म्हणाली. “ताप आलाय म्हनून सांगा.”

“मी न्हाई गेलो तरी आवाज वाजणारच. मग म्हनतील, केरबा तोंड लपवून बसला. आन् चावडीपुढं माझ्या कानावर इस्वास ठेवा म्हनलोतो, ते काय ताप आला म्हनून परत घेऊ?”

“मग शेठला शिव्या घाला आन् काम सोडा.”

“सोडायचं तर हायच. पण आदी खरं हाय ते वाडीला ऐकवायचं. न्हाईतर खोटा मीच.”

अठ्ठावीस तारखेला शुभदाबाई तेवीस पोरं घेऊन आल्या. केरबाची नात छकुली सर्वांत पुढे, कारण अंतराळवीर तिचा आजा होता. मागे पाच-सहा आईबाप, त्यात कैलास, हाताची घडी घालून. फोटोग्राफर आला. वरदशेठने पोरांच्या हातात चांदण्या चिकटवलेल्या टोप्या दिल्या आणि त्या घालूनच हसायचं अशी ताकीद दिली.

केरबाने चंद्र दाखवला. “हितं आवाज न्हाई. कारण हवाच न्हाई. वरडलात तरी शेजाऱ्याला कळणार न्हाई.” पोरं एकमेकांकडे तोंडं वासून बिनआवाजी ओरडली. त्याने निळी सांज दाखवली. एकानेही फिल्टर म्हटलं नाही. टायटनच्या गोट्या बघून एक पोरगा म्हणाला, “ह्या आमच्या नदीतल्या वानी हायत,” आणि केरबाला वाटलं, सव्वा वर्षात पहिल्यांदा माणसं आली.

मग वाऱ्याची पाळी आली. वरदशेठ दारात उभा राहून खुणा करत होता. केरबाने टोप काढून खाली ठेवला.

“पोरांनो, आता एक वारा लावतो. डोळं मिटा. वारा कुटला ते मी सांगणार न्हाई. तुमी सांगायचं.”

वरदशेठच्या कपाळाला आठी पडली, पण बटण दाबलं गेलं होतं. वारा शेडीभर घोंघावला. पोरं डोळे मिटून बसली. फोटोग्राफरने फोटो घेतला. पाच श्वास झाले असतील नसतील.

“आजा!” छकुली उठून उभी राहिली. “ही कपिली हाय!”

“कपिली! कपिली!” तेवीसच्या तेवीस पोरं ओरडली. “नागफणीच्या कड्यावर हाय! लंगडती बघ!”

कैलासच्या हातांची घडी कधी सुटली ते त्यालाच कळलं नाही. तो पुढे आला. “माझी गाय हाय ही.” मग वर पाटीवर ‘मंगळाचा वारा’ वाचून त्याने केरबाकडे बघितलं. याच दिवसाची तो दोन वर्षं वाट बघत होता. “काय वो आबा? माझी कपिली मंगळावर चरती व्हय? मग सांजच्याला धार काढायला कोन जातं, तुमी का?”

आईबाप हसले. पोरं हसली. वरदशेठ घाईघाईने म्हणाला, “तांत्रिक चूक आहे, तांत्रिक! मुलांनो, टाळ्या!”

“चूक न्हाई,” केरबा म्हणाला. “लबाडी हाय. शेठनं पुण्याचा माणूस आणून आपला वारा धरला आन् मंगळ म्हनून इकला. मी परवा वळखलं. म्हनून नाव न्हाई घेतलं. आता खरा लावतो. बाई, फोन द्या.”

शुभदाबाईंनी फोन दिला. केरबाने कर्ण्याची वायर त्यात खुपसली, पंख्यांची बटणं पाडली, एसी बंद केला. वरदशेठ “अहो, अहो” करत होता. शुभदाबाईंनी त्याच्याकडे वर्गात बडबडणाऱ्या पोराकडे बघतात तसं बघितलं, आणि तो गप्प झाला.

झुळूक लागली. शेडीत कुणी श्वास घेईना.

“कायच न्हाई की आजा,” छकुली हळूच म्हणाली.

“हाय,” दुसरा पोरगा म्हणाला. “कायतरी... न्हाई, गेलं.”

कैलास छद्मी हसला. “आबा, तुमालाच येतंय ऐकू. म्हंजे मंगळावर काय चाललंय ते बी आता पाठमोरं बसून तुमीच सांगणार. आमी मान डोलवायची.”

हे केरबाने धरलंच नव्हतं. खोटं उघडं पाडलं तरी खरं इतकं बारीक निघालं की त्याला साक्ष देणारं कुणी नाही. वाडीचे चेहरे त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांत कीव होती. कीव त्याला टिंगलीपेक्षा कडू लागली.

“कैलास,” तो म्हणाला, “माझ्यावर इस्वास ठिवू नगंस. हितं ये. कर्ण्याला कान लाव. न्हाई आलं ऐकू, तर चावडीवर सांग केरबा खोटा. मी परत जनावर वळखणार न्हाई.”

कैलास आला. त्याने काळ्या जाळीला कान टेकवला, गाईच्या पोटाला टेकवतात तसा. केरबाने बटण दाबलं आणि दूर जाऊन उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून. एकदा वाजलं. कैलास हलला नाही. त्याने हात वर करून पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा वाजलं. बाहेर महामार्गावरून एक ट्रक गेला, तर कैलासने दाराकडे बघून शिवी हासडली. तिसऱ्यांदा वाजलं.

तो सरळ झाला. नाखुशीने, दात काढून घेतल्यासारखं म्हणाला, “हाय.”

“काय हाय?” छकुलीने विचारलं.

“एक झुळूक हाय. येती, जरा थांबती, आन् परत येती. आपल्याकडची न्हाई.” मग केरबाच्या पाठीकडे बघून, “बरोबर हाय म्हाताऱ्याचं.”

मग तेवीस पोरांनी रांग लावली आणि एकेक कान त्या जाळीला लागला. काहींना आलं, काहींना नाही. ज्यांना नाही आलं त्यांनी तसं सांगितलं आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. शेडीत कुणी टाळी वाजवली नाही. फोटोग्राफर म्हणाला यात फोटो नाही, आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात डोळे मिटलेल्या पोरांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, मावळच्या चिमुकल्यांनी अनुभवला मंगळाचा वारा. वरदशेठने पुण्याच्या माणसाकडून कपिलीची घंटा तेवढी कापून काढली आणि वारा ठेवला. लोक अजून येतात, खुराड्यात डोळे मिटून बसतात आणि नागफणीच्या वाऱ्याने भारावून मंगळाला टाळ्या वाजवतात. खरी नागफणी तिथून हाकेच्या अंतरावर असते. तिच्याकडे जायचं तर चढ लागतो.

केरबा परत तिकडे गेला नाही. चंदेरी पोशाख त्याने घडी घालून शुभदाबाईंच्या हाती पाठवून दिला. पण पंधरा दिवसांनी वरदशेठचा फोन आला. आवाज गोडच.

“केरबा, राग सोडा. नवीन शो करतोय, शनीचा. मूळ आवाज आहे, पण तो कसा, किरकिर किरकिर आहे नुसती. मला काहीतरी खोल पाहिजे, जुनं, घरघरणारं. तुमचा कान चांगला आहे. वाडीत असं काही आहे का?”

केरबाने चुलीपाशी बसलेल्या बायाकडे बघितलं.

“हाय की,” तो म्हणाला. “आमची म्हातारी घोरती.”

बायाने हातातली फुंकणी त्याच्या पाठीत घातली. तिकडे वरदशेठ विचार करत होता.

“साधारण किती मिनिटं चालतं ते?” त्याने विचारलं.